डामा डिस्चार्ज आणि लाइफ सपोर्ट काढणं: गल्लत कुठे होते

‘डॉक्टर, आता मशीन काढा, आम्ही घरी घेऊन जातो.’ आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर चार-पाच रात्री काढलेला माणूस हे म्हणतो तेव्हा एकाच वाक्यात तो दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो. त्या वेगळ्या आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. समोरच्या डॉक्टरला ते माहीत असतं, पण त्या क्षणी फोड करून सांगणं त्याच्याही सोयीचं नसतं. मग आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा निवासी डॉक्टर, एक छापील फॉर्म घेऊन येतो. ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहोत’ या ओळीखाली सही होते आणि फाइलवर शिक्का पडतो: डामा. काही ठिकाणी लामा म्हणतात, कागद तोच.

लाइफ सपोर्ट काढणं ही दुसरी गोष्ट. तिथेही शेवटी व्हेंटिलेटर सुटतो आणि पेशंट जातो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं. म्हणून ‘आमच्या काकांचंही असंच केलं’ असं सहज बोललं जातं, आणि ऐकणारा आपापल्या समजुतीप्रमाणे दोहोंपैकी एक अर्थ घेतो.

डामाचा मूळ अर्थ वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हृदयविकाराचा सौम्य झटका आलाय. छातीतलं दुखणं थांबलंय, रक्ताचा रिपोर्ट मात्र बरा नाही. डॉक्टर म्हणतात अँजिओग्राफी करू, दोन दिवस राहा. तो म्हणतो, उद्या मुलीचा साखरपुडा आहे, मी चाललो. डॉक्टर धोका समजावून सांगतात, तो ऐकून घेतो आणि तरीही सही करतो. हा खरा डामा. पेशंट शुद्धीवर आहे, निर्णय त्याचा स्वतःचा आहे आणि डॉक्टरांचा सल्ला खरोखर उलटा आहे. अशा माणसाला कोंडून ठेवता येत नाही, बिल बाकी असलं तरी नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तसं स्पष्ट आहे. डॉक्टरची घालमेल होते, पण तत्त्व सरळ आहे: शरीर त्याचं, नकारही त्याचा.

आता हेच तिन्ही निकष व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला लावा. पेशंट बेशुद्ध आहे. निर्णय मुलाचा किंवा भावाचा आहे. आणि सल्ला? तासाभरापूर्वी त्याच डॉक्टरने समुपदेशनाच्या खोलीत दबक्या आवाजात सांगितलेलं असतं की ‘आता फार काही हाती नाही, घरी नेलं तरी चालेल’. म्हणजे सल्ला घरी नेण्याचाच होता. कागदावर मात्र नातेवाईक सल्ला धुडकावून पेशंट नेतायत असं लिहिलं जातं. या कागदातली सर्वांत खोटी ओळ हीच, आणि ती आमच्याच पेशातल्या माणसाने लिहिलेली असते.

पुढचा प्रवास बघा. पेशंट आयसीयूतून निघताना व्हेंटिलेटर सुटतो, पण घशातली नळी तशीच असते आणि तिला अँब्यू बॅग जोडलेली असते. ती फुग्यासारखी पिशवी दर पाच-सहा सेकंदांनी दाबायची. अँब्युलन्समध्ये कधी वॉर्डबॉय असतो, कधी फक्त ड्रायव्हर. मग पिशवी पुतण्याच्या हातात येते. खेड्याच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला नळी हलते, पेशंटला ठसका लागतो, पुतण्या घाबरून जोरात दाबतो. घरी अंगणात माणसं जमलेली असतात. पेशंटला सतरंजीवर ठेवतात आणि प्रश्न उभा राहतो: पिशवी दाबणं थांबवायचं कोणी? कधी ड्रायव्हर सांगतो, ‘आता सोडा.’ कधी गावातल्या डॉक्टरला बोलावून नळी काढून घेतात. वेदनेसाठी, धाप लागू नये म्हणून काहीही दिलेलं नसतं, कारण डामाच्या कागदाबरोबर औषधांची चिठ्ठी सहसा येत नाही. जो निर्णय घ्यायला तज्ज्ञ डॉक्टरची छाती झाली नाही, तो बावीस वर्षांच्या पुतण्याच्या मुठीत आलेला असतो.

आयसीयूत रीतसर काढताना काय होतं, ते याच्या शेजारी ठेवून बघा. आधी बोलणी होतात, एकदा नाही, दोन-तीनदा. मग ठरलेल्या वेळी जवळच्यांना आत घेतात, पडदे ओढतात. मॉनिटरचा आवाज बंद करतात, कारण नाहीतर सगळे पेशंटकडे न बघता आकड्यांकडे बघत बसतात. धाप आणि तगमग होऊ नये म्हणून मॉर्फिन आणि गुंगीचं औषध आधीच सुरू होतं, घशातला स्राव आटावा म्हणून वेगळं इंजेक्शन. मग नळी. सिस्टर ओठ पुसतात आणि कोणी गंगाजळ किंवा झमझमचं पाणी आणलं असेल तर दोन थेंब लावू देतात. पेशंट दहा मिनिटांत जाईल किंवा दोन दिवस राहील, हे नेमकं कोणी सांगू शकत नाही. तोवर डॉक्टर आणि सिस्टर लक्ष ठेवून असतात, औषध कमी-जास्त करतात. उपचार थांबतात, शुश्रूषा थांबत नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा आजही गुन्हाच आहे, आणि इथे तसं काही घडत नाही. आजार आपल्या गतीने जातो, फक्त त्याच्या आड लावलेली यंत्रं बाजूला केली जातात.

कायद्यात याला जागा मिळायला वेळ लागला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला आणि त्या पुढे मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात अचेतन अवस्थेत होत्या. त्यांना शांतपणे मरू द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने विशिष्ट अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याचं तत्त्व मान्य केलं, पण शानबाग यांच्या बाबतीत परवानगी नाकारली. पेशंटच्या वतीने बोलायचा अधिकार न्यायालयाने विराणींना दिला नाही. तो दिला वर्षानुवर्षं शानबाग यांना भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना, आणि त्यांचा ठाम विरोध होता. रक्ताचं नातं, सही करणारा हात आणि रोज उशाशी बसणारं माणूस ही तिन्ही एकच असतील असं नाही. डामाच्या फॉर्मवर या प्रश्नासाठी रकानाच नसतो. जो कोणी काउंटरवर उभा असेल त्याची सही चालते.

9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे शुद्ध नसताना कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती कोणी वापरेना. उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती हवी, त्यातल्या तज्ज्ञांना 20 वर्षांचा अनुभव हवा, दुसरं मंडळ जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं, दंडाधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष येऊन पेशंट बघायचा. अतिदक्षता तज्ज्ञांची संघटना पुन्हा न्यायालयात गेली आणि 24 जानेवारी 2023 ला अटी सुटसुटीत झाल्या. आता पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. दुसरं मंडळही रुग्णालयच नेमतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, घरच्यांची लेखी संमती घ्यायची आणि अंमल करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. मंडळांचं एकमत झालं नाही तर उच्च न्यायालय आहेच. लिव्हिंग विल नसलेल्या पेशंटलाही हीच वाट खुली आहे, हे अनेक डॉक्टरांच्याही गावी नसतं.

मग तरीही डामा का चालतो? भीती हे ठरलेलं उत्तर, आणि ते खोटं नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून कायदा आहे, तरी कॅज्युअल्टीच्या काचा फुटायच्या थांबलेल्या नाहीत. पण मला वाटतं भीतीइतकाच भाग सोयीचा आहे. डामा दहा मिनिटांत होतो, मंडळाला दोन-तीन दिवस लागतात. पेशंट घरी गेला की मृत्यू रुग्णालयाच्या खात्यावर पडत नाही, बेड रिकामा होतो. आणि सहीचा कागद आपल्याला वाचवेल अशी डॉक्टरची समजूत असते. ती अर्धवट आहे. ती सही फार तर नातेवाईकांनी पेशंट नेला एवढं दाखवते. आधीच्या उपचारात हयगय झाली असेल किंवा धोका नीट समजावलाच नसेल, तर ती सही कामाला येत नाही.

शिवाय मंडळ बसवायचं तर आधी डॉक्टरांनी आपसात बोलावं लागतं, आणि खरी अडचण तिथेच आहे. ऑपरेशन केलेले न्यूरोसर्जन रोज सकाळी दोन मिनिटं येऊन ‘अजून थांबू, तरुण आहे’ म्हणून जातात. आयसीयूच्या डॉक्टरला रोजच्या रोज मूत्रपिंड, यकृत एकेक करून बसताना दिसतं, पण पेशंट ‘त्यांचा’ आहे, त्यांच्या नावावर आलाय. सरळ बोलावं तर उद्यापासून त्यांचे पेशंट येणार नाहीत. रेसिडेंटला दोघांच्या मध्ये उभं राहून नातेवाईकांना ‘प्रकृती चिंताजनक पण स्थिर’ असलं निरर्थक वाक्य सांगावं लागतं. सिस्टर सगळ्यांत आधी ओळखतात, त्यांना विचारत कोणी नाही. डामा या सगळ्या अवघड बोलण्यांतून सुटका करतो, कारण निर्णय ‘नातेवाईकांनी घेतला’. घरच्यांतही तसंच होतं. एक भाऊ सही करतो, दुसरा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर म्हणतो की मला न विचारता बाबांना मारलंत. पुढे वर्षानुवर्षं ही सही भाऊबंदकीत उगाळली जाते. मंडळाच्या कागदावर निदान सहा डॉक्टरांची मतं नोंदलेली असतात, सगळा भार एकाच्या सहीवर येत नाही.

इथवर मरणारच असलेल्या पेशंटची गोष्ट झाली. गल्लत सर्वांत महागात पडते ती वाचू शकणाऱ्या पेशंटच्या बाबतीत. मण्यार चावलेला माणूस डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, मेल्यासारखा दिसतो. विष उतरलं की काही दिवसांत उठून बसतो. फवारणीचं कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहून स्वतःच्या पायांनी घरी गेलेला आयसीयूत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलाय. नसांवर हल्ला करून अंग लुळं पाडणाऱ्या गुलियन बारे या आजारात तर महिनाभरही लागतो. अशा घरात सहाव्या दिवशी पैसे संपतात आणि ‘मशीनवर आहे म्हणजे गेल्यातच जमा’ असं म्हणत डामावर सही होते. आजार उलटण्यासारखा आहे का, हा प्रश्न मंडळाला पहिल्यांदा सोडवावा लागतो. डामाच्या काउंटरवर तो कोणी विचारत नाही. पैशापायी सही होत असेल तर आधी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. खाट मिळेलच अशी खात्री कोणी देणार नाही, पण विचारायच्या आधी सही करू नये.

फाइलवर कधी ‘डीएनएआर’ दिसलं तर ती तिसरीच गोष्ट: हृदय बंद पडल्यास छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा नाही, एवढाच तिचा अर्थ. बाकी उपचार चालू राहतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 मध्ये त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

लिव्हिंग विल करून ठेवणारे अजून मोजकेच. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, एवढ्यावर ते होतं. गोव्यात पहिलं नोंदवलं मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी, 2024 मध्ये. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी न्यायालयात पाठपुरावा केल्यावर महाराष्ट्र सरकारने असे कागद सांभाळण्यासाठी 417 अधिकारी नेमले. तुमच्या महापालिकेतला किंवा नगरपालिकेतला तो अधिकारी कोण, हे विचारायला गेलात तर दोन टेबलं फिरायची तयारी ठेवा.

आणि ज्यांना आपल्या माणसाने घरच्या खाटेवरच डोळे मिटावेत असं मनापासून वाटतं, त्यांना डामाची गरज नाही. बरा न होणाऱ्या आजारात साधा डिस्चार्ज घेऊन घरी जाता येतं, मात्र त्याची तयारी लागते. नळी रुग्णालयातच काढायची की घरी, घरी असेल तर कोण काढणार, हे आधी ठरवून घ्या. मॉर्फिनच्या गोळ्या किंवा थेंब, ते कसे द्यायचे याची चिठ्ठी आणि रात्री फोन उचलेल असा एक डॉक्टर, हे मागून घ्या. जवळ पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, पथक असेल तर त्यांचा नंबरही. डिस्चार्ज कार्डवर निदान, आजार कुठल्या टप्प्यावर आहे आणि घरी शुश्रूषेसाठी पाठवत आहोत, हे स्पष्ट लिहून घ्या. गावच्या डॉक्टरला मृत्यूचा दाखला द्यायचा असतो, आणि नुसता डामाचा शिक्का बघून तो हात आखडतो. मग कोणीतरी पोलिसांना कळवा म्हणतं, पोस्टमॉर्टेमचं नाव निघतं आणि अंत्यविधी दुसऱ्या दिवसावर जातो.