बोधचिन्हांकित टोपी (कामकरी पथकांची)

बांधकाम, रंगकाम, नळजोडणी, वातानुकूलन, बागकाम अशी कामे ठेक्याने किंवा सेवा म्हणून करणाऱ्या पथकांसाठी व्यवसायाचे नाव वा चिन्ह भरतकामाने, छपाईने किंवा बिल्ला शिवून उमटवलेली चोचदार टोपी. ऊन अडवणे, ओळख पटवणे व जाहिरात हे तिचे उपयोग सर्वपरिचित आहेत.

उगम : या टोपीच्या वंशावळीबद्दल एकमत नाही. एक मत तिला गणवेशाच्या परंपरेत बसवते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे हमाल व तारवाटप करणारे यांच्या टोपीवर धातूचा बिल्ला असे. पुढे अमेरिकेतील पेट्रोल पंपांवरील सेवकही कंपनीचे चिन्ह लावलेली कडक टोपी घालत. दुसरे मत बेसबॉलच्या टोपीकडे बोट दाखवते. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर्स संघाने १८४९ मध्ये स्वीकारलेली टोपी गवती काडीची होती, त्यामुळे आजच्या घाटाचा आरंभ साधारणतः १८६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर्स संघाने वापरलेल्या गोल माथ्याच्या, चोचदार टोपीपासून धरतात. डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाच्या टोपीवर १९०१ मध्ये वाघ आला. न्यू एरा या टोप्या बनवणाऱ्या कंपनीच्या १९५४ मधील ५९फिफ्टी या नमुन्याने सहा कळ्यांचा (माथ्याच्या कापडी तुकड्यांचा) घाट बराचसा पक्का केला.

मात्र घाट कोठून आला आणि त्यावर धंद्याचे नाव घालण्याची चाल कोठून आली, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अमेरिकेत बियाणे, पशुखाद्य, खते व ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपन्या शेतकऱ्यांना पुढे फोम व मागे जाळी असलेल्या टोप्या फुकट वाटत. या प्रथेचा भर सामान्यतः १९६० ते १९८० या काळात मानला जातो. कामकरी पथकाच्या टोपीचा जवळचा पूर्वज हीच वाटपाची टोपी असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गणवेशाचा बिल्ला काढता येई, तो मालकाचा असे आणि अधिकार दाखवी. पथकाची टोपी कामगार घरी नेतो, सुटीच्या दिवशीही घालतो. अर्थात सगळ्या पथकाने एकसारखी टोपी घालावी ही अपेक्षा वाटपाच्या प्रथेतून येत नाही. तेवढे ऋण गणवेशाचेच.

भरतकाम : योशुए हाइलमान यांचे हाताने चालणारे भरतकामयंत्र १८२८ चे, तर इझाक ग्रोब्ली यांचे शिफ्ली यंत्र १८६३ चे. चित्राचे टाक्यांत रूपांतर, म्हणजे डिजिटायझिंग, १९८० च्या दशकापासून संगणकावर होऊ लागले.

आरेखन : कागदावर सुबक दिसणारे चिन्ह टोपीवर फसते, ते बहुधा मधल्या शिवणीमुळे. सहा कळ्यांच्या टोपीत कपाळाच्या मध्यभागी उभी शिवण येते. तेथे कापडाचे थर वाढतात, आत बकरम (ताठ अस्तर) असतो, आणि सुई त्या उंचवट्यावरून किंचित घसरते. नावातील एखादा काना किंवा बारीक उभी रेघ नेमकी शिवणीवर आली, तर ती एका बाजूला कलते. उपाय दोन : शिवणीवर आधी आधाराचे टाके घालणे, किंवा जिचा पुढचा भाग अखंड असतो अशी पाच कळ्यांची टोपी घेणे. छपाईला व बारीक मजकुराला दुसरा उपाय बरा.

टाक्यांचा क्रमही महत्त्वाचा. गोलाईवर कापड सुईपुढे सरकत जाते. म्हणून भरतकाम मधून कडांकडे व खालून वर नेतात. डावीकडून उजवीकडे सरळ शिवत गेल्यास शेवटच्या अक्षराजवळ सगळा फुगवटा गोळा होतो आणि तेथे चुणी पडते. ही चुणी इस्त्रीने जात नाही.

मापे ठोकळ आहेत. पुढील भागावर साधारण ५५ मिमी उंचीपर्यंत काम बसते. चोचेजवळ सुई पोहोचत नाही, तेवढी जागा सोडावी लागते. ४० क्रमांकाच्या (भरतकामातील नेहमीच्या जाडीच्या) धाग्याने ५ मिमीपेक्षा लहान अक्षर काढले, तर त्याच्या पोटातील पोकळी बुजते. सॅटिन टाका (एकमेकांना लागून घातलेले समांतर टाके) १ मिमीहून अरुंद करू नये. रंगांच्या छटा धाग्यात नीट उतरत नाहीत. दोन-तीन सपाट रंग पुरतात.

दूरध्वनी क्रमांक घालण्याचा आग्रह मालकांकडून वारंवार होतो. फलक रंगवणाऱ्यांच्या ठोकताळ्यानुसार एक इंच उंचीचे अक्षर दहा फुटांवरून सहज वाचता येते. त्या हिशेबाने ५ मिमीचा आकडा वाचायला दोन फुटांवर यावे लागेल, आणि इतक्या जवळून कोणी कोणाच्या कपाळावरचा नंबर उतरवून घेत नाही. क्रमांक गाडीच्या दारावर शोभतो.

धागा पॉलिएस्टरचा घ्यावा. रेयॉनला चकाकी अधिक असली, तरी ब्लीचपुढे त्याचा रंग टिकत नाही. तयार टाक्यांची फाइल मोठी-लहान करताना जपावे लागते : टाके तेवढेच ठेवून चित्र आक्रसले की ते दाटतात आणि धागा तुटतो. शिवाय सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीएसटी या फाइलप्रकारात टाके साठतात, पण धाग्याचे रंग नीट नोंदले जात नाहीत. रंगांची यादी वेगळी जपून ठेवावी. चामड्याचे वा विणीचे बिल्ले शिवून लावण्याची पद्धतही रूढ आहे.

सुरक्षा : ही टोपी संरक्षक साधन नव्हे. आत कडक कवच असलेली, युरोपीय मानक ईएन ८१२ मध्ये मोडणारी टोपीही केवळ डोके कशाला आपटले तर उपयोगी पडते. वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी ईएन ३९७ प्रकारचे हेल्मेट लागते. हेल्मेटखाली चोचदार टोपी घालण्यास उत्पादक सहसा मनाई करतात, कारण चोच आणि माथ्यावरचे बटण आतील पट्ट्यांच्या बैठकीत अडथळा आणतात. अशा पथकांसाठी तेच चिन्ह हेल्मेटवर चिकटवतात. मात्र चिकटपट्टीचा गोंद कवचाला चालतो की नाही, हे हेल्मेटच्या उत्पादकाकडून पाहून घ्यावे लागते.