खांद्याजवळ दंडाचं हाड मोडलंय : प्लेट, रॉड, तारा की नवा सांधा?

झोळी किंवा खांद्याचा पट्टा घ्यायला आलेली मंडळी माप देता देता हमखास विचारतात, "डॉक्टर प्लेट म्हणतायत, आमच्या ओळखीत एकाला रॉड घातला होता. चांगलं कुठलं?" आम्ही पट्टे शिवणारी माणसं. ऑपरेशन ठरवणं आमचं काम नव्हे. पण डॉक्टरांना काय विचारायचं हे आधी माहीत असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून हे पत्रक.

आधी हे विचारा : ऑपरेशन लागणारच आहे का?

या जागेची बरीचशी फ्रॅक्चर्स जागेवरून फारशी हललेली नसतात आणि झोळीतच जुळून येतात. तुकडे सरकलेले असले तरी ऑपरेशनने फायदा होतोच असं नाही. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत २५० रुग्णांवर झालेला 'प्रोफर' हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन केलेले आणि फक्त झोळीत ठेवलेले, अशा दोन्ही गटांचे खांदे दोन वर्षांनी जवळजवळ सारखंच काम करत होते. झोळ्या विकणाऱ्यांनी हे सांगावं यात आमचा स्वार्थ दिसेल. पण ऑपरेशननंतरही झोळी लागतेच, तेव्हा आमचं गिऱ्हाईक कुठे जात नाही! मात्र सांधा निखळलेले किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलेले रुग्ण या अभ्यासात घेतलेच नव्हते. त्यांना हा निष्कर्ष लावू नका.

किती तुकडे?

हाडाच्या वरच्या टोकाचे चार भाग धरतात : गोल डोकं, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालची नळी. उंचवट्यांना खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचे दोर चिकटलेले असतात. उंचवटा सुटला की तेच दोर त्याला ओढून नेतात. अमेरिकी सर्जन नीर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकलेला किंवा ४५ अंशांहून जास्त कललेला भागच वेगळा तुकडा म्हणून मोजतात. म्हणून एक्स-रेवर भेगांचं जाळं पाहून घरचे हबकतात आणि डॉक्टर मात्र शांतपणे झोळी लिहून देतात. दोघांनी एकच फिल्म पाहिलेली असते.

लॉकिंग प्लेट

ही हाडावर स्क्रूंनी बसवायची धातूची पट्टी. सध्या बरीच वापरली जाते आणि सगळ्यात जास्त प्रश्नही हिच्याबद्दलच येतात. साधा स्क्रू प्लेटला हाडावर आवळून धरतो. हाड ठिसूळ असेल तर ही पकड सैल पडते. लॉकिंग स्क्रूच्या माथ्याला आटे असतात, ते प्लेटच्या भोकातच घट्ट बसतात आणि सगळं मिळून एक चौकट होते. तुकडे डोळ्यांसमोर जुळवता येतात, स्नायूंचे दोर जाड दोऱ्याने प्लेटला बांधता येतात.

घोटाळा होतो तो पुढे. डोक्याला आतल्या, म्हणजे काखेकडच्या बाजूने आधार उरला नसेल, तर ते हळूहळू आत कलतं, खचतं. स्क्रू मात्र ताठच राहतात आणि त्यांची टोकं सांध्यात घुसतात. म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा : "आतल्या बाजूचा आधार कसा देणार?" त्यासाठी खालून तिरके स्क्रू घालतात, कधी हाडाचा तुकडा किंवा हाडात भरायचं खास सिमेंट वापरतात. प्लेट फार वर बसली तर हात उचलताना ती वरच्या हाडाला अडते. आणि डोक्याचा रक्तपुरवठा मोडतानाच तुटला असेल, तर हाड जुळूनही डोकं नंतर, कधी वर्षा-दोन वर्षांनी, ढासळू शकतं.

रॉड

हाडाच्या पोकळीतून जातो, चीर लहान लागते. डोकं आणि नळी असे दोनच भाग सुटले असतील किंवा भेग नळीत खालपर्यंत गेली असेल, तर रॉड सोयीचा. पण तो वरून, स्नायूच्या दोराजवळून किंवा त्यातूनच घालावा लागतो. काहींचा खांदा नंतर तिथेच दुखत राहतो. तुलनेच्या अभ्यासांत प्लेट आणि रॉड यांचे निकाल साधारण सारखे आले आहेत. आमच्या मते तुमच्या सर्जनचा हात कशावर बसलाय, याला जास्त वजन द्यावं.

तारा

कातडीतून घालतात, काही आठवड्यांनी काढतात. मुलांमध्ये चांगल्या चालतात. तशीही दंडाच्या लांबीची सुमारे ८० टक्के वाढ याच टोकाकडून होते, त्यामुळे थोडा वाकडेपणा वाढीत भरून निघतो. ठिसूळ हाडात तारा सैल होतात, क्वचित सरकत छातीकडेही जातात. तपासणीची तारीख चुकवू नका.

नवा सांधा

वय जास्त, हाड ठिसूळ आणि तुकडे अनेक असतील, तर जोडण्याऐवजी बदलणं बरं पडतं. 'रिव्हर्स' सांध्यात गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट असतात, म्हणून स्नायूंचे दोर फाटलेले असले तरी खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलतो. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी हा सांधा प्लेटपेक्षा सरस ठरला. तरुणांना तो सहसा बसवत नाहीत, कारण पुढे बिघडला तर दुरुस्ती अवघड.

झोळीतले दिवस

बोटं, मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. कोपर आणि खांद्याचे झोके डॉक्टर सांगतील तेव्हा सुरू करा. खांदा आखडायला फार दिवस लागत नाहीत. पंजा कोपरापेक्षा किंचित वर असू द्या, काखेत कोरडं सुती कापड ठेवा. दंड कोपरापर्यंत काळानिळा पडला तर घाबरू नका, साकळलेलं रक्त खाली उतरतं. बोटं गार किंवा बधिर पडली, खांद्याच्या बाहेरच्या अंगाला स्पर्श कळेनासा झाला, जखमेतून पू आला किंवा ताप चढला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पट्टा मानेला काचत असेल तर झोळी घेऊन या. लांबी बदलून देतो.