बाळंतीण घरी गेल्यावर तिचा रक्तदाब कोण मोजणार?

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला ४×१०० मीटर रिलेचं सुवर्ण जिंकून देणाऱ्या चौघींपैकी टोरी बोवी २०२३च्या मे महिन्यात घरी मृतावस्थेत सापडली. वय ३२, आठवा महिना. एक्लॅम्प्शिया, म्हणजे गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाबरोबर येणारे झटके, हे संभाव्य कारण म्हणून शवविच्छेदन अहवालात नोंदवलं होतं. त्याच संघातल्या ॲलिसन फेलिक्सचं २०१८ मध्ये प्री-एक्लॅम्प्शियामुळे, म्हणजे झटके येण्याआधीच्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजारामुळे, ३२व्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. दोघी कृष्णवर्णीय.

२०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. 'त्यांच्या जीन्समध्येच असेल' हे उत्तर लगेच पुढे येतं आणि ते मला अजिबात पटत नाही. बोस्टनमधल्या एका अभ्यासात, परदेशात जन्मून अमेरिकेत आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना प्री-एक्लॅम्प्शिया तिथेच जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळला. मुक्काम लांबला तसा हा फरक पुसट होत गेला. मुक्कामाने जीन्स बदलत नाहीत.

या आजाराचं मूळ वारेत (प्लासेंटात) आहे. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी धमन्यांचा स्नायूंचा थर काढून टाकतात. आकसणाऱ्या बारीक नळ्या रुंद आणि सैल होतात, बाळाला भरपूर रक्त मिळतं. प्री-एक्लॅम्प्शियात बहुधा हे काम अर्धवट राहतं. रक्त कमी पडलेली वार एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन आईच्या रक्तात सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी राखणारे वाढ-घटक हे प्रथिन पकडून ठेवतं. अस्तर बिघडलं की वाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं लघवीत उतरतात.

इथे ॲस्पिरिन कामाला येते, आणि ती कशी, हे मला विलक्षण सुंदर वाटतं. प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन बनवतात, त्याने वाहिन्या आकसतात. अस्तराच्या पेशी प्रोस्टासायक्लिन बनवतात, त्याने त्या सैलावतात. दोन्हींसाठी कॉक्स हे विकर (एन्झाइम) लागतं आणि ॲस्पिरिन ते कायमचं निकामी करते. पण अस्तराच्या पेशीत केंद्रक असतं, ती नवं विकर घडवते. प्लेटलेटला केंद्रकच नाही. तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात एकदा बंद ते बंदच. म्हणून अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या ८१ मिलिग्रॅमच्या छोट्या गोळीनेही पारडं सैलपणाकडे झुकतं. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू व्हायला हवी.

म्हणजे धोका तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच ओळखायला हवा. त्यासाठी तिचा आधीचा रक्तदाब, आधीची बाळंतपणं, आईचा-बहिणीचा इतिहास ठाऊक असलेला फॅमिली डॉक्टर हवा. (ग्रहणात गरोदर बाईला कोंडून ठेवणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. ग्रहणाने गर्भाला काहीही होत नाही. तीव्र डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठण्याची लक्षणं आहेत.)

मिसिसिपीतल्या माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावात १९६७ मध्ये डॉ. जॅक गायगर आणि सहकाऱ्यांनी असंच वस्तीतलं आरोग्य केंद्र उघडलं. फॅमिली मेडिसिनला अमेरिकेत स्वतंत्र शाखेची मान्यता मिळायला अजून दोन वर्षं होती. केंद्राने विहिरी खणल्या, संडास बांधले आणि कुपोषितांना चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून दिलं. खर्च औषधांच्या खात्यातून!

अशा केंद्रांची खरी गरज बाळंतपणानंतर कळते. २०१७ ते २०१९ या काळात अमेरिकेत गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी ५३ टक्के प्रसूतीनंतर आठवड्यापासून वर्षापर्यंतच्या काळात झाले, आणि तपासलेल्या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे होते. गरिबांसाठीचा मेडिकेड हा सरकारी विमा पूर्वी प्रसूतीनंतर ६० दिवसांनी अनेकींचा संपायचा. २०२२ पासून राज्यांना तो वर्षभर चालवण्याची सोपी वाट मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती धरली. आई स्वतःसाठी येवो न येवो, बाळाच्या लसीसाठी येतेच. फॅमिली डॉक्टर दोघांचाही डॉक्टर असल्याने बाळाला टोचताना तिच्याही दंडाला पट्टा बांधू शकतो.