ऑस्ट्रेलियात संपासाठी मतदान: युनियनचा अर्ज कसा चालतो?

ऑस्ट्रेलियात युनियनला "उद्यापासून संप" असं परस्पर जाहीर करता येत नाही. आधी कामगारांचं गुप्त मतदान व्हावं लागतं, आणि ते मतदान घ्यायलाही फेअर वर्क कमिशनचा, म्हणजे मालक-कामगारांचे प्रश्न हाताळणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेचा, आदेश लागतो. हा आदेश म्हणजे संपाला मंजुरी नव्हे. पगारवाढीची मागणी रास्त आहे की अवाजवी, यात कमिशन पडतच नाही. कामगारांना विचारायची मोकळीक मिळते, एवढंच.

२००९ च्या फेअर वर्क कायद्यानुसार अर्ज वाटाघाटीतल्या कामगार प्रतिनिधीने करायचा असतो. बहुतेक वेळा ती युनियनच असते. पगार आणि कामाच्या अटींबद्दल मालकाशी चालू करार असेल तर त्याची मुदत संपायला ३० दिवसांहून जास्त अवधी असताना अर्ज करता येत नाही. वाटाघाटी रीतसर सुरू झालेल्या असाव्या लागतात. ही अट मागाहून आली. २०१२ मध्ये जे. जे. रिचर्ड्स या कंपनीच्या खटल्यात फेडरल कोर्टाने, मालक बोलणी करायलाच तयार नसला तरी मतदानाचा आदेश मिळू शकतो, असा निकाल दिला होता. २०१५ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. न्यू साउथ वेल्स, क्वीन्सलंड अशा राज्यांच्या सरकारी खात्यांतल्या नोकरांना सर्वसाधारणपणे त्या त्या राज्याचे नियम लागू होतात, तेव्हा आपण कुठे मोडतो ते आधी बघा.

अर्जाचा नमुना एफ३४. मतदान कोणत्या कामगारांचं, प्रश्न कोणते आणि मतदान कोण घेणार, हे त्यात लिहायचं. ऑस्ट्रेलियन निवडणूक आयोगाकडे काम दिलं तर खर्च सरकारचा. दुसरी मान्यताप्राप्त संस्था नेमली तर तो अर्जदाराच्या अंगावर. करारासाठी मनापासून प्रयत्न चालू आहेत हे कमिशनला पटावं लागतं. म्हणून मागण्यांचं पत्र, बैठकांच्या तारखा, ईमेल जपून ठेवा. अर्जाची प्रत २४ तासांत मालकाला आणि मतदान घेणाऱ्या संस्थेला द्यायची. शक्यतो दोन कामकाजाच्या दिवसांत निर्णय होतो.

खरं डोकं लावायचं ते प्रश्नांवर. ओव्हरटाइमला नकार, चार तासांचं काम बंद, पूर्ण दिवसाचा संप: मतपत्रिकेवर जे विचारलं आणि मंजूर झालं तेवढंच पुढे करता येतं. मोघम प्रश्न असेल तर मालकाचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

मतदारांच्या यादीत नाव येण्यासाठी आदेशाच्या दिवशी तुम्ही अर्जदार युनियनचे सभासद असायला हवं, किंवा तिला आपला प्रतिनिधी नेमलेलं असायला हवं. नंतर घाईने सभासद झालात तर या वेळी मत नाही. जून २०२३ पासून मतदान संपण्याआधी दोन्ही बाजूंना कमिशनपुढे समेटाच्या बैठकीला बसावंच लागतं.

मग आकड्यांचा खेळ. यादीतल्या निम्म्यांनी तरी मत द्यायला हवं, आणि वैध मतांपैकी निम्म्याहून जास्त बाजूने हवीत. समजा यादीत २०० जण आहेत. ९९ जणांनी मत दिलं आणि सगळेच "हो" म्हणाले, तरी ठराव पडला. १०५ जणांनी मत दिलं, ६० "हो" आणि ४५ "नाही", तर ठराव पास. गंमत अशी की त्या ४५ पैकी सहा जण घरी बसले असते तर ठराव पडला असता! म्हणून युनियनवाले शेवटच्या दिवसापर्यंत फोन करत राहतात.

आपल्याकडेही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात, मान्यताप्राप्त युनियन असेल तिथे संपाच्या नोटिशीआधी सभासदांच्या बहुमताची अट होती. फरक इतकाच की ते मत घ्यायला कुणाचा आदेश लागत नसे.

ठराव पास झाल्यावर तीन महिन्यांत आंदोलन सुरू करायचं. त्याआधी मालकाला निदान तीन कामकाजाच्या दिवसांची लेखी नोटीस द्यायची. अनेक मालकांच्या एकत्रित करारात बहुधा १२० तासांची. काय करणार आणि कधीपासून, हे नोटिशीत स्पष्ट हवं. संपाच्या वेळेचा पगार मिळत नाही. मालकाने मनात आणलं तरी तो देणं बेकायदा आहे. तेव्हा घराचा हप्ता कधी आहे ते बघून ठेवा.