पाहणं समजायला दोन शास्त्रं लागली

डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला भिडतात, म्हणून ती दिसते, असं युक्लिड आणि टॉलेमी हे प्राचीन ग्रीक गणिती मानत. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत उलट: वस्तूचं रूप डोळ्यात येतं. वस्तू लांब गेली की लहान का दिसते, हे गणितवाले कोन मोजून दाखवत. रूपवाद्यांना ते जमत नव्हतं, पण प्रखर प्रकाशाने डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतं, ही बाजू त्यांचीच खरी होती.

बसऱ्यात सुमारे ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल-हैथमने कैरोत ‘किताब अल-मनाझिर’ हा ७ खंडांचा ग्रंथ लिहिला. दृष्टी हे इंद्रिय, म्हणून तिचा अभ्यास निसर्गशास्त्राचा. पण ती आकार, अंतर, स्थान ओळखते, म्हणून गणिताचाही. दोन्ही शास्त्रं एकत्र केल्याशिवाय हा विषय सुटणार नाही, हे त्याने सुरुवातीलाच मांडलं.

त्याचा दिव्यांचा प्रयोग घरी करता येतो. अंधाऱ्या खोलीत १० सेंटिमीटर अंतराने ३ मेणबत्त्या ठेवा. समोर ५ मिलिमीटर भोकाचा पुठ्ठा, आणि मेणबत्त्या पुठ्ठ्यापासून जितक्या लांब, तितक्याच अंतरावर पलीकडे भिंत. भिंतीवर ३ वेगळे ठिपके पडतात. उजवी मेणबत्ती झाकली की डावा ठिपका जातो, बाकीचे जागेवर राहतात. एकाच भोकातून जाऊनही प्रकाश मिसळत नाही. भोक मात्र १० सेंटिमीटरचं केलंत, तर प्रत्येक ठिपका २० सेंटिमीटरहून रुंद होऊन शेजारच्यावर चढतो आणि प्रयोग फसतो.

डोळ्याची अडचण हीच. बाहुली हे बऱ्यापैकी मोठं भोक. वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश डोळ्याच्या साऱ्या पृष्ठभागावर पडतो, मग चित्र स्पष्ट कसं? त्याचं उत्तर: पृष्ठभागावर लंब पडणारा किरणच न वाकता, पूर्ण जोराने आत जातो. प्रत्येक बिंदूचा असा किरण एकच. डोळ्यापासून वस्तूपर्यंत पसरणारा युक्लिडचा किरणांचा शंकू तसाच राहिला, फक्त किरणांची दिशा उलटली! मला यातलं हे पाऊल सर्वांत देखणं वाटतं.

चूक झाली ती तिसऱ्या शास्त्रात. शरीररचना त्याने प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनकडून घेतली, आणि तीत पाहण्याचं काम डोळ्यातल्या भिंगाचं होतं. किरण मागे एकमेकांना छेदले तर चित्र उलटं होईल, म्हणून त्याने ते भिंगाच्या मागच्या बाजूला, छेदण्याआधीच वळवले. १५७२ साली बाझेलमध्ये हा ग्रंथ लॅटिनमध्ये छापला गेला. तो अभ्यासलेल्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली तिरके किरणही हिशोबात धरले: भिंग ते सारे एका बिंदूत आणतं, चित्र दृष्टिपटलावर पडतं, आणि ते उलटंच असतं.