अमेरिकन लष्करी अळी: न थांबणाऱ्या किडीचा प्रवास

2018 च्या आधी महाराष्ट्रात लष्करी अळी म्हटली की मायथिम्ना सेपरेटा हीच कीड समजली जाई. मक्याचे पोंगे, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने, कुरतडणारी अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) तेव्हा भारतात नोंदलेलीच नव्हती. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली. अमेरिकेतल्या जॉर्जियातील पतंगांवर काम करताना जे. ई. स्मिथ यांनी 1797 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले.

या किडीला सुप्तावस्था नाही. प्रतिकूल काळ कोषात झोपून काढणे तिला जमत नाही, आणि तिचा सगळा इतिहास याच उणिवेतून घडला आहे. अमेरिकेत ती हिवाळ्यात तगते ती दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्साससारख्या उबदार भागांत. तिथून दरवर्षी पिढ्यामागून पिढ्या वाऱ्यावर उत्तरेकडे सरकतात आणि कडाक्याची थंडी पडली की तिकडेच मरतात. अनुकूल वारा मिळाला तर पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो.

2016 च्या सुरुवातीला ती पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि दोनेक वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचा जवळपास सगळा भाग तिने व्यापला. मे 2018 मध्ये कर्नाटकातल्या मक्यावर तिची भारतातली पहिली नोंद झाली. त्याच वर्षी ती सोलापूर-सांगलीकडे मका आणि उसावर दिसली, 2019 मध्ये चीनमध्ये आणि 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात पोचली. आपल्याकडे तिला संपवणारी थंडी पडत नाही. शिवाय खरीप, रब्बी, उन्हाळी चारा, मुरघास असा कुठे ना कुठे हिरवा मका बारा महिने उभा असतो. मग ती जाईल कशाला?

पतंगाचा पंखविस्तार 32 ते 40 मिमी. नराच्या करड्या-तपकिरी पुढच्या पंखावर टोकाशी पांढरट त्रिकोणी ठिपका असतो. मादी फिकट, फारशा खुणा नसलेली. मागचे पंख दोघांचेही चंदेरी पांढरे. मादी एका पुंजात साधारण 100 ते 200 अंडी घालते, त्यावर अंगावरच्या करड्या खवल्यांचा थर देते आणि आयुष्यात सरासरी दीड हजारापर्यंत मजल मारते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंडी उबतात.

ओळख पटवायची ती वाढलेल्या अळीवरून. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात बसलेले चार काळे ठिपके, या दोन्ही खुणा सोबत पाहाव्यात. पहिल्या अवस्थेतली अळी जेमतेम 1.7 मिमी असते. ती पानाचा हिरवा भाग खरवडते, त्यामुळे पांढरे पापुद्रे दिसतात. सहाव्या अवस्थेत ती 34 मिमीच्या आसपास जाते आणि पोंगा लाकडाच्या भुशासारख्या ओल्या विष्ठेने भरून टाकते. एकूण खाण्यातला फार मोठा वाटा शेवटच्या दोन अवस्थांत उरकतो. मोठ्या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून एका पोंग्यात सहसा एखाद-दुसरीच उरते.

फवारण्या फुकट जातात त्या इथेच. नुकसान डोळ्यांत भरते तेव्हा अळी विष्ठेच्या बुचाखाली सुरक्षित असते आणि पानांवरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. उगवणीपासूनच एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावून पतंगांवर नजर ठेवावी. सुरुवातीच्या पोंगा अवस्थेत 5 टक्के झाडांवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या की 5 टक्के निंबोळी अर्क मारावा. पुढे प्रादुर्भाव 10 टक्क्यांवर गेला तर इमामेक्टिन बेन्झोएट 5 एसजी (पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक), लिटरला 0.4 ग्रॅम, तेही नोझल पोंग्यावर धरून, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तुरा आल्यावर रासायनिक फवारणी करू नये.

उन्हाळ्यात अळी सुमारे 14 दिवसांत पोसते आणि मातीत 2 ते 8 सेंमी खोल कोषात जाते. आठ-नऊ दिवसांनी पतंग बाहेर पडतो. म्हणजे महिन्याला एक पिढी. थंडीत हाच काळ लांबतो, एवढाच काय तो दिलासा. काढणीनंतरच्या खोल नांगरटीने कोष उघडे पडून पक्ष्यांच्या तावडीत सापडतात. पण शेजारी पंधरा-वीस दिवस मागे पेरलेला मका असेल तर उरलेले पतंग त्याच्या कोवळ्या पोंग्यांवर अंडी घालतात. म्हणून गावशिवारात पेरणी एकाच सुमारास उरकण्यावर कृषितज्ज्ञांचा भर असतो.