जीएनएसएस परावर्तनमापन

जीपीएस, गॅलिलिओ, ग्लोनास, बायदू यांसारख्या दिशादर्शक उपग्रहांचे (एकत्रित नाव जीएनएसएस) रेडिओ संकेत समुद्रावर किंवा बर्फावर आपटून परत फिरतात. ते टिपून त्या पृष्ठभागाची अवस्था ओळखण्याचे दूरसंवेदन तंत्र. शहरात उंच इमारतींमध्ये मोबाइलवरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत सरकतो, त्यालाही बहुधा असेच परावर्तन कारणीभूत असते. तिथे जो उपद्रव, तोच इथे कच्चा माल. रडार उपग्रहाला लहरी सोडण्यासाठी बरीच वीज खर्चावी लागते. इथे ते काम सुमारे २०,००० किमी. उंचीवरचे जीपीएस उपग्रह करतच असतात, त्यामुळे नुसता ऐकणारा उपग्रह लहान आणि स्वस्त असला तरी चालतो.

पौर्णिमेच्या रात्री खाडीच्या निवांत पाण्यात चंद्र एकसंध दिसतो. वारा सुटला की त्याचा लांब चमचमता पट्टा होतो. सुमारे १९ सेंमी. तरंगलांबीच्या जीपीएस लहरींचेही तसेच होते. परतलेला संकेत किती उशिरा आला आणि त्याची वारंवारता किती सरकली, यांचा मिळून एक नकाशा काढतात. खवळलेल्या समुद्रावर त्यात घोड्याच्या नालेसारखी पसरट आकृती उमटते, तर सपाट हिमस्तरावर जवळपास एकच ठसठशीत ठिपका. पाणी कुठे संपले आणि बर्फ कुठे लागले, हे मुख्यतः या फरकावरून कळते. बर्फ तुटून एकमेकांवर चढलेले असेल, तर मात्र हा फरक पुसट होतो. वाऱ्याचा वेगही याच खडबडीतपणावरून काढतात. वारा वाढतो तसा परतणारा संकेत क्षीण होतो. वारा मोजणाऱ्या नेहमीच्या रडारचा अनुभव नेमका उलटा.

या संकेतांनी समुद्राची उंची मोजण्याची कल्पना युरोपीय अवकाश संस्थेतील मान्युएल मार्टिन-नेइरा यांनी १९९३ मध्ये मांडली. २००३ मध्ये सोडलेल्या ब्रिटनच्या यूके-डीएमसी उपग्रहाने कक्षेतून असे संकेत टिपून दाखवले. नासाचे आठ छोटे ‘सिग्नस’ उपग्रह १५ डिसेंबर २०१६ रोजी एकाच रॉकेटने गेले. ते चक्रीवादळांसाठी आहेत. या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही, म्हणून वादळाच्या गाभ्याजवळचा वाराही त्यांना मोजता येतो. त्यांची नजर सुमारे ३८ अंश उत्तर ते ३८ अंश दक्षिण अक्षांशांपुरती; अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर तीत येतात, ध्रुवीय बर्फ येत नाही.

बर्फाचा अभ्यास पुढे नेला तो २०१४ मध्ये सोडलेल्या ब्रिटिश टेकडेमोसॅट-१ ने. जीपीएसच्या सर्वांसाठी खुल्या संकेतातील कोडचा एक घटक (चिप) सुमारे ३०० मी. लांबीचा असतो; नुसता विलंब पाहून उंची काढली तर ती ढोबळच निघते. सपाट बर्फावर मात्र लहरीची कला (फेज, म्हणजे चढ-उताराच्या आवर्तनातील तिची नेमकी स्थिती) शाबूत राहते. तिचा उपयोग करून संशोधकांनी कॅनडातील हडसन उपसागरावरच्या नोंदींतून बर्फाच्या उंचीतील फरक काही सेंटिमीटरपर्यंत काढला (२०१७). खुल्या समुद्रात लाटा ही कला विस्कटून टाकतात. पृष्ठभागाला अगदी तिरपे चाटून जाणारे संकेत घेतले तर ती अधिक टिकते. २०२३ मध्ये सोडलेला ऑस्ट्रियाचा ‘प्रिटी’ हा छोटा उपग्रह याच तिरप्या कोनातून ऐकण्यासाठी बांधलेला आहे.